अनुभवी माणसाचा अंदाज का चुकतो?



गेल्या होळीला आपल्या मंडळाने पुरणपोळ्या बाहेरून न मागवता हॉलच्या स्वयंपाकघरातच करायचं ठरवलं होतं, ते तुम्हांला आठवत असेल. दीडशे पोळ्या. ज्यांच्या हातच्या पोळ्या आम्ही दरवर्षी खातो त्या काकूंना आधीच विचारलं होतं, "काकू, किती वेळ लागेल?" काकूंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "दोन तवे असले तर तीन तासांत आटपेल." त्यानुसार आदल्या दिवशी हॉल सहा ते नऊ घेतला. पुरण वाटून तयार होतं, कणीक मळलेली होती. नेमका काकूंच्या नातवाला ताप आला आणि त्या येऊ शकल्या नाहीत. मग लाटायला उरलो आम्ही, म्हणजे मंडळातले पाच-सहा आयटीवाले. शेवटची पोळी तव्यावरून उतरली तेव्हा सव्वाबारा वाजले होते, आणि तीही फाटलेली होती. हॉलच्या जादा तासांचे पैसे भरावे लागले ते वेगळेच.

भांडी विसळताना आमच्यातला एक जण म्हणाला, "हे आमच्या मागच्या रिलीजसारखंच झालं की!" आम्ही हसलो खरे, पण घरी परतताना गाडीत तोच विषय निघाला आणि पुढे दोन-तीन शनिवार पुरला. हा लेख त्या गप्पांतून झाला आहे. आम्ही सगळे तिशी-पस्तिशीतले, पुण्या-मुंबईत किंवा नागपुरात इंजिनिअर होऊन न्यू जर्सीत आलेले. त्यामुळे लेखात 'आम्ही' म्हटलं की त्यात या सगळ्यांचे अनुभव आणि थोडी भांडणंही आली.

ज्यांच्या घरात कोणी सॉफ्टवेअरमध्ये नाही (अशी घरं आपल्या मंडळात मोजकीच असतील म्हणा) त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. क्लायंटला एखादं काम करून हवं असतं. ते सुरू होण्याआधीच किती माणसं आणि किती दिवस लागतील याचा आकडा द्यावा लागतो. त्याला एस्टिमेट म्हणतात. त्यावर कंत्राटाची किंमत ठरते, टीममध्ये किती जण घ्यायचे ते ठरतं, आणि आमच्या घरच्यांना त्यातलं सगळ्यांत जवळचं म्हणजे पुढच्या सहा महिन्यांतले कोणते शनिवार-रविवार घरचे राहणार हेही ठरतं. हा आकडा बहुतेक वेळा टीममधला सर्वांत अनुभवी माणूस सांगतो. आणि तो बहुतेक वेळा कमी पडतो.

हे आमचं रडगाणं नाही. नॉर्वेतले संशोधक मॅग्ने यॉर्गेनसन यांनी आयुष्याची बरीच वर्षं याच एका विषयाला दिली आहेत. सॉफ्टवेअरच्या अंदाजांवर झालेल्या पाहण्यांचा आढावा त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर २००३ साली घेतला. त्यात दिसलं की ६० ते ८० टक्के प्रोजेक्टांमध्ये एफर्ट किंवा वेळ ठरल्यापेक्षा जास्त लागतो, आणि ही वाढ सरासरीने ३० ते ४० टक्के असते. म्हणजे दहा महिन्यांचं काम तेरा-चौदा महिन्यांवर जातं. अधूनमधून पेपरात येतात तसे चौपट-पाचपट घोळ हे अपवाद. रोजचं दुखणं या तीस-चाळीस टक्क्यांचं आहे, आणि ते भरून निघतं रात्री आणि सुट्टीच्या दिवशी.

हा जुना प्रश्न आत्ता काढण्याचं कारण एआय. गेली दोनेक वर्षं आमच्यातल्या प्रत्येकाने मीटिंगमध्ये हे वाक्य ऐकलं आहे : "आता एआय आहे ना, मग एस्टिमेट कमी करा." किती कमी? कोणी म्हणतो वीस टक्के, कोणी चाळीस. हे आकडे येतात कुठून असं विचारलं की उत्तर येतं, "आमच्या सीनियर लोकांनी वापरून बघितलंय." ठीक. मग सीनियर लोकांनी घड्याळ लावून वापरून बघितलं तेव्हा काय झालं ते पाहू.

जुलै २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या 'मीटर' या संशोधन संस्थेने एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात १६ अनुभवी प्रोग्रॅमर होते. प्रत्येक जण ज्या ओपन सोर्स प्रोजेक्टवर सरासरी पाच वर्षं काम करत होता, त्याच प्रोजेक्टवरची त्याची नेहमीची कामं घेतली होती. एकूण २४६ कामं. प्रत्येक कामाला एआय वापरायचं की नाही हे जणू नाणं उडवून ठरवलं. आधी सर्वांना अंदाज विचारला. एआयमुळे वेळ २४ टक्के कमी लागेल, असं ते म्हणाले. सगळं संपल्यावर पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले की २० टक्के वाचला. मोजलेला वेळ मात्र १९ टक्क्यांनी वाढला होता!

यातली वेळ वाढल्याची बाब आम्हांला फारशी महत्त्वाची वाटत नाही. ती २०२५ च्या सुरुवातीची साधनं होती, त्यानंतर साधनं झपाट्याने बदलली आहेत, आणि हा निष्कर्ष सगळ्या प्रोग्रॅमरांना सरसकट लावू नका असं त्या संस्थेनेच बजावलं होतं. आमच्यापैकी बहुतेकांचं बरंचसं काम आज एआयमुळे खरोखर लवकर होतं. आम्ही अडकलो ते दुसऱ्या आकड्यापाशी. स्वतःच्या कामात मुरलेली माणसं, स्वतः केलेलं काम, नुकतंच हातावेगळं केलेलं, आणि तरी वेळ वाढला की वाचला हेही त्यांना नीट सांगता आलं नाही. शिवाय जी कामं त्यांच्या जास्त ओळखीची होती, तिथे एआयमुळे ते जास्त रेंगाळले. असं असेल तर "वापरून बघितलंय" या शब्दांवर कोट्यवधी डॉलरच्या कंत्राटांचे आकडे कमी करणं कितपत बरोबर?

अनुभवी माणूस असा का फसतो, याची दोन कारणं आम्हांला सापडली.

पहिलं कारण काकूंच्या पोळीत आहे. ज्याला काम येतं त्याला आपल्या कामातल्या पायऱ्या दिसेनाशा होतात. पुरण आणि कणीक यांचा सारखेपणा बोटांना कळणं, कडेपर्यंत पुरण जाईल असं लाटणं, पोळी पोळपाटावरून न फाटता उचलणं, हे सगळं काकूंसाठी 'पोळी लाटणं' या एका शब्दात मावतं. आमच्यासाठी ती चार वेगवेगळी संकटं होती. पामेला हाइंड्स या अमेरिकन संशोधिकेने १९९९ साली हेच मोबाइल फोनवर तपासलं. नवख्या माणसाला फोनवरचं एखादं काम जमायला किती वेळ लागेल, याचा अंदाज तिने जाणकारांनाही विचारला आणि थोडंफार येणाऱ्यांनाही. जाणकारांचे अंदाज जास्त चुकले. तुम्ही पहिल्यांदा शिकलात तेव्हा काय काय अडलं होतं ते आठवा, असं सांगूनही त्यांच्यात फार सुधारणा झाली नाही. हे वाचल्यावर आमच्यातल्या एकीला तिच्या मुलाचा गणिताचा अभ्यास आठवला. "दहा मिनिटांचं काम आहे हे," असं ती रोज संध्याकाळी म्हणते आणि रोज पाऊण तास जातो.

दुसरं कारण जास्त अवघड आहे, कारण त्यात अनुभव असतो, आठवतही असतो, पण तो वापरलाच जात नाही. नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' या २०११ च्या पुस्तकात स्वतःचाच फजितीचा किस्सा सांगितला आहे. १९७० च्या दशकात इस्रायलमध्ये ते शाळेसाठी एक अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या गटात होते. एके दिवशी त्यांनी सर्वांना, काम संपायला किती वेळ लागेल ते कागदावर लिहायला सांगितलं. सगळ्यांचे आकडे दोन वर्षांच्या आसपास. गटात सेमूर फॉक्स नावाचे अभ्यासक्रमांतले खरे तज्ज्ञ होते, त्यांचाही तेवढाच. मग कानेमन यांनी फॉक्सना विचारलं, असे दुसरे गट तुम्ही पाहिले आहेत, त्यांना किती वेळ लागला? फॉक्स जरा ओशाळले आणि म्हणाले, सुमारे ४० टक्के गटांचं काम पूर्णच झालं नाही, आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. आपला गट त्यांच्या तुलनेत कसा? सरासरीपेक्षा थोडा खालीच. म्हणजे सगळी माहिती त्यांच्या डोक्यात होती, पण स्वतःचा आकडा लिहिताना तिचा उपयोग करावा हे त्यांना सुचलंच नव्हतं. त्याहून मोठी गंमत अशी की हे ऐकूनही गटाने काम तसंच पुढे चालू ठेवलं. पुस्तक आठ वर्षांनी झालं, आणि तोवर शिक्षण खात्याचा उत्साह मावळल्यामुळे ते कधी वापरलंच गेलं नाही.

आता आमच्यातल्या एकाची गोष्ट. कंपनीचं नाव नको. इन्शुरन्सचं काम, कोबोलमध्ये लिहिलेली पॉलिसी रिन्युअलची जुनी प्रणाली क्लाउडवर न्यायची होती. त्या प्रणालीवर अकरा वर्षं काढलेले एक मराठी गृहस्थ होते. त्यांना सगळेच 'दादा' म्हणायचे. एका ठरावीक भागाचं एस्टिमेट त्यांनी दिलं ३० दिवस. त्यावर कोणी प्रश्न विचारला नाही, दादांना कोण विचारणार? आकडा मंजूर झाला आणि दादांची दुसऱ्या प्रोजेक्टवर रवानगी झाली. काम गेलं पुण्यातल्या टीमकडे. त्यातली मुख्य मुलगी दोन वर्षं अनुभवाची. दादांनी चार दिवस फोनवर केटी दिलं, म्हणजे कामाची माहिती हस्तांतर केली, ती अर्थात त्यांना जेवढी सुचली तेवढीच.

काम संपायला ७४ दिवस लागले. दिवाळीचा पाडवाही त्यातच गेला, तिचाही आणि इथे पहाटे साडेपाचला कॉलवर बसणाऱ्या आमच्या मित्राचाही. नंतर त्याने टाइमशीट काढून हिशेब मांडला, तेव्हा कळलं की प्रत्यक्ष कोड लिहायला २६ दिवसच लागले होते. दादांच्या आकड्यापेक्षाही कमी! उरलेल्या ४८ दिवसांपैकी ९ गेले वेगवेगळ्या परवानग्या मिळवण्यात, २१ जुने नियम शोधण्यात (दोन राज्यांना वेगळे दर का, लीप वर्षातल्या २९ फेब्रुवारीच्या पॉलिसीचं काय करायचं, असलं काहीबाही) आणि १८ टेस्टिंगमध्ये. दादांकडे परवानग्या आधीपासून होत्या. नियम त्यांना पाठ होते. त्यामुळे ती कामं आहेत हेच त्यांच्या आकड्यात आलं नव्हतं.

दादांचा अंदाज दादांपुरता बरोबर होता, यावर आमचं सगळ्यांचं एकमत झालं. पण त्या मुलीच्या वार्षिक मूल्यमापनात 'एस्टिमेटपेक्षा दुपटीहून जास्त वेळ' असं लिहून आलं. पुढच्या फेररचनेत दादांचीही नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. दादांना बावन्नाव्या दिवशी मिळाली. मुलगी बारावीला, घराचं कर्ज डोक्यावर. त्या बावन्न दिवसांबद्दल वहिनी अजूनही बोलत नाहीत.

इथे आम्हांला इंजिनिअरिंगचा अभ्यास आठवला. पुणे विद्यापीठाच्या परीक्षेसाठी आपण सगळ्यांनी कोकोमो मॉडेल घोकलं होतं, पाच मार्कांची टीप म्हणून. बॅरी बोहेम यांनी १९८१ साली ६३ प्रोजेक्टांच्या नोंदींवरून ते बसवलं. प्रोजेक्टच्या आकारावरून एफर्ट काढायचा आणि मग काही गुणकांनी गुणायचं. त्या वेळी कंटाळवाणा वाटलेला तो गुणकांचा तक्ता आता पुन्हा पाहिला. काम समजून घेणारे विश्लेषक अगदी कच्चे असतील तर गुणक १.४६, उत्तम असतील तर ०.७१. प्रोग्रॅमर कच्चे तर १.४२, उत्तम तर ०.७०. दोन्ही एकत्र धरले तर तेच काम एका टीमला दुसरीच्या चौपट पडू शकतं. त्या विशिष्ट क्षेत्रातल्या अनुभवाचे गुणक आहेत १.२९ ते ०.८२, म्हणजे दीडपटीहून थोडा जास्त फरक. आणि आपण रेझ्युमेवर ठळक अक्षरांत लिहितो तो एखाद्या प्रोग्रॅमिंग भाषेचा अनुभव? १.१४ ते ०.९५, फरक जेमतेम वीस टक्के. मॉडेल जुनं झालं, आकडे आज जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण 'काम किती' या प्रश्नाचं उत्तर 'करणार कोण' हे ठरल्याशिवाय देता येत नाही, हे चाळीस वर्षांपूर्वी आकड्यांत मांडलेलं होतं आणि आपण ते पाच मार्कांपुरतं वाचलं.

यावर आमच्यातल्या एकाने वाद घातला. म्हणाला, मग अनुभवी माणसांना विचारूच नये का? तसं नक्कीच नाही. यॉर्गेनसन यांनीच २००४ साली असे १५ अभ्यास तपासले, ज्यांत तज्ज्ञांचे अंदाज आणि सूत्रांनी काढलेले अंदाज समोरासमोर ठेवले होते. पाचांमध्ये तज्ज्ञ सरस, पाचांमध्ये सूत्रं सरस, पाचांमध्ये फरक नाही. म्हणजे सूत्रांनीही फारसे दिवे लावलेले नाहीत. अनुभवी माणसाला जे कळतं ते दुसऱ्या कोणाला कळत नाही, फक्त ते त्याच्या तोंडून एका आकड्याच्या रूपात बाहेर येता कामा नये.

आणि इथे आमच्या धंद्यातली एक खोड आडवी येते. यॉर्गेनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोग्रॅमरांना "९० टक्के खात्री असेल असा कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा सांगा" असं विचारलं. खरा आकडा त्या दोहोंच्या मधे आला फक्त ६० ते ७० टक्के वेळा. मग लोक पट्टा रुंद का करत नाहीत? कारण रुंद पट्टा सांगणारा माणूस ऐकणाऱ्याला अडाणी वाटतो. "वीस ते साठ दिवस" म्हणणाऱ्याकडे क्लायंट संशयाने बघतो, "बत्तीस दिवस" म्हणणाऱ्याशी हात मिळवतो. आपल्याकडच्या माणसांना तर 'माहीत नाही' म्हणण्याची आधीच लाज. साहेबापुढे 'होईल सर' म्हणायची सवय विमानातून आपल्याबरोबरच आली आहे.

आता यात एआय मिसळा. जुन्या प्रणालीचा अनुभव असलेली मधल्या आणि वरच्या फळीतली माणसं कंपन्यांना महाग वाटू लागली आहेत. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, त्यांतली बहुतेक याच फळीतली. कारण एआय नसून कौशल्य आणि उपलब्ध काम यांचा मेळ बसत नाही हे आहे, असं कंपनीने सांगितलं होतं. कारण काहीही असो, आमच्या दृष्टीने परिणाम असा की ज्याच्या डोक्यात नियम आहेत तो माणूस जातो आणि त्याचा आकडा फाइलमध्ये राहतो. मग त्याच आकड्यातून एआयच्या नावाने आणखी तीस टक्के वजा होतात. पण एआय कमी करतो ते मुख्यतः कोड लिहिण्याचे दिवस. दादांच्या प्रोजेक्टमध्ये ते २६ होते. अर्धे वाचले असं धरलं तरी ७४ चे ६१ होतात, ३० चे २१ होत नाहीत. परवानग्या एआय मिळवून देत नाही. जुने नियम शोधायला त्याची मदत होते, हे आम्ही अनुभवाने सांगतो, पण सापडलेला नियम अजून लागू आहे की कोणीतरी काढायचा विसरला आहे, हे विचारायला शेवटी एखादा दादाच लागतो.

असो. आम्ही आमच्यापुरतं काय बदललं ते सांगतो. आमच्यातल्या दोघा-तिघांच्या टीममध्ये आता एस्टिमेटच्या शीटवर एक जादा रकाना आहे, 'कोण करणार'. तो रिकामा असेल तर पुढचा आकडा लिहायचा नाही. मॅनेजर सुरुवातीला वैतागले, कारण माणसं ठरलेली नसतानाच किंमत सांगायची हीच तर धंद्याची रीत. मग तडजोड झाली. नाव ठाऊक नसेल तर दादांसारख्याचा एक आकडा आणि नवीन माणसाचा एक, असे दोन लिहायचे. सीनियर माणसाला 'किती दिवस' विचारण्याआधी 'तुम्हांला न विचारता नवा माणूस कुठे कुठे अडकेल' हे विचारायचं आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायचं. हाइंड्सबाई म्हणतील याचाही फार उपयोग नाही, आणि एकट्या सीनियरला विचारलं तर तसंच होतं. शेजारी प्रत्यक्ष काम करणारा माणूस बसला की यादी लांबते, असा निदान आमचा अनुभव. फॉक्सना विचारलेला प्रश्नही आम्ही विचारतो. याआधीच्या अशा कामाला खरोखर किती दिवस लागले होते? त्यासाठी जुन्या नोंदी हव्यात, आणि त्या बहुतेक ठिकाणी नसतात. टाइमशीट भरलेली असते, पण ती एस्टिमेटशी जुळेल अशी भरलेली असते, हे आपल्यात कोणाला सांगायला नको.

म्हणून आम्ही सात जणांनी स्वतःची एक साधी एक्सेल शीट सुरू केली आहे. काम काय, अंदाज कोणी दिला, काम कोणी केलं, अंदाज किती, लागले किती, एआय वापरलं का. कंपनीची किंवा क्लायंटची नावं त्यात लिहायची नाहीत. अजून तिच्यात चाळीस ओळीही झालेल्या नाहीत, त्यामुळे तिच्यावरून काही सिद्ध करण्याचा आमचा दावा नाही. मंडळातल्या आणखी कोणाला आपल्या ओळी घालायच्या असतील तर पुढच्या सभेनंतर चहाच्या टेबलापाशी भेटा.

येत्या होळीच्या पोळ्यांचं परवा ठरलं. काकूंना फोन केला, तर त्यांनी आकडा सांगण्याआधी या वेळी लाटायला कोण कोण आहे ते विचारून घेतलं आणि मग म्हणाल्या, "सहा तास धरा." हॉल सहा ते बारा घेतला आहे. लाटायला येणाऱ्यांनी पोळपाट-लाटणं घरून आणावं, मागच्या वेळी तीनच होती.